एकोणिसावं पान

शिरीष पागेदारला पॉलिसी मीच विकली,
दांडिया बाजारात, त्याच्या चष्म्याच्या दुकानात,
दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात.
बॅग हरवली तर इतके, विमान चुकलं तर इतके,
दवाखाना लागला तर पन्नास हजार डॉलर.
सव्वीस पानं. मी अंगठ्याने जागा दाखवत गेलो,
तो सही करत गेला.
एकोणिसाव्या पानावर माझा अंगठा
जरा जास्तच जाड झाला.

बडोद्यात तो शब्द दुकानात काढत नाहीत.
मुंबईचा पाहुणा विचारतो, मिळते का रे इथे?
आणि आपण उठून पंखा वाढवतो.
शिरीषच्या मामांच्या परमिटवर डॉक्टरने
'झोप येत नाही' असं कारण लिहिलं होतं,
तेव्हापासून त्या घरात तिला झोपच म्हणतात.
मामा, थोडी झोप उरलीय का?
पडदे ओढून, टीव्ही मोठा करून,
खाली सेव-उसळवाल्याची हाक बंद झाल्यावर.

म्हणून क्राबीहून फोन आला तेव्हा
हर्षदावहिनी म्हणाल्या,
पडले हो, खुबा मोडला. आणि अगदी हळू,
दुपारी थोडी झोप झाली होती.
मी म्हटलं, मग काय झालं, दुपारची झोप चांगली.
आणि मग मला कळलं.

दोन बियर. त्यातली अर्धी वहिनींची.
पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा
खिडकी उघडी ठेवून.
समोर समुद्र, आणि कुणी बघत नव्हतं,
म्हणजे बघत होते, पण कुणाला काही नव्हतं.
हे त्याने मला नंतर तीनदा सांगितलं,
खुब्याबद्दल एकदाच.
संध्याकाळी सहाला तो पोहण्याच्या तलावाकडे गेला.
कुणा पोराचं फुगवलेलं बदक
पायरीवर ठिबकत पडलं होतं.

दवाखान्यातल्या नर्सने लिहिलं: तोंडाला मद्याचा वास.
रक्त तपासलं नाही, आकडा नाही,
वास.
त्या एका शब्दावर आठ लाख चाळीस हजार
थांबलेत. वाघोडिया रोडचा प्लॉट
त्याने दलालाला दाखवून ठेवलाय.

मी कंपनीला पत्र लिहिलं.
वास म्हणजे अंमल नव्हे, लिहिलं.
पायरी ओली होती, माणूस नव्हता, असंही लिहिलं,
मग खोडलं, कारण तिकडे असलं कुणी वाचत नाही.
उत्तर आलं: विमाधारकाने किती प्राशन केले,
कधी केले,
स्वतःच्या सहीने कळवावे.

शिरीष वॉकर धरून उभा होता.
म्हणाला, लिहून द्यायचं? मी?
सूरसागरच्या काठावर आमचं मंडळ आहे,
मी खजिनदार आहे त्यात.
थोडी घेतली हे सिद्ध करायला
घेतली असं आधी लिहावं लागतं,
आणि ते बडोद्यात बसून लिहावं लागतं,
हे मला तरी कुठे सुचलं होतं.
तो पेनाचं टोपण काढायचा, लावायचा.
मी म्हटलं, झोप लिहू नकोस.
तो हसला नाही.

शेवटी त्याने लिहिलं, चष्म्याच्या बिलासारख्या
बारीक अक्षरात:
बियर, दीड बाटली, दुपारी तीन.
खाली, कुणी विचारलेलं नसताना:
खिडकी उघडी होती.
ती ओळ मी खोडायला हवी होती.
नाही खोडली.

कागद गेलाय. अजून काही आलेलं नाही.
त्या पॉलिसीवर मला दोनशे बारा रुपये मिळाले होते.

आता मी एकोणिसावं पान आधी उघडतो.
परवा अकोट्याचं एक जोडपं, बालीला निघालेलं.
मी अंगठा बाजूला घेतला, तो शब्द मोठ्याने वाचला.
बाई म्हणाल्या, छे, आम्ही नाही हो त्यातले.
साहेब पंख्याकडे बघत होते.
म्हटलं, नसाल. तरी वाचा.
साहेबांनी खिशातून चष्मा काढला,
पागेदारांकडचाच,
आणि बराच वेळ पुसत बसले.